दुखणे उलटते तेव्हा

बरा झालेला मनुष्य पुन्हा त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळला म्हणजे मंडळीची मोठी पंचाईत होते. पहिल्या वेळी काय करायचे ते आपणां सर्वांस ठाऊक असते. पाळकसाहेब घरी जाऊन प्रार्थना करतात, महिला मंडळाच्या भगिनी पाळीपाळीने डबा नेतात, उपासनेनंतर दाराशी थाळी ठेवली जाते, आणि रोगी बरा होऊन आला की उपकारस्तुती होऊन त्याच्याकडून चार शब्दांची साक्ष घेतली जाते. हे सर्व चांगलेच आहे. परंतु आठ-दहा महिन्यांनी तोच रोग उलटला, तर? मग बातमी हलक्या आवाजात सांगितली जाते. भेटीस जाणारे कमी होतात. पुन्हा थाळी ठेवावी काय, हा विषय पंचकमिटीत कोणी काढत नाही. आणि कोणी काढलाच तर "मागच्या वेळी दिले होते ना" असे उत्तर येते.

या उत्तराचाच विचार येथे करावयाचा आहे. दुसऱ्यांदा आलेल्या आजाराचा आपल्यावरील हक्क पहिल्यापेक्षा कमी असतो काय? सोपे उदाहरण घेतले तर उत्तरही सोपे येते. मलेरिया उलटला तर आपण कोणाला दोष देत नाही, गोळ्या पुन्हा आणतो. म्हणून मी मुद्दाम अवघड उदाहरण घेतो. एका मनुष्याला एच.आय.व्ही.ची लागण आहे. पुढे त्याला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. उपचारांनी तो गेला आणि वर्षाच्या आत परत आला. आता आपण काय म्हणतो?

हे उदाहरण दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. भारतात ही लागण प्रथम १९८६ साली मद्रासेत उघडकीस आली, आणि पुढील वीस वर्षांत बेळगाव, बागलकोट आणि पलीकडे सांगली-कोल्हापूर हा आपला सारा पट्टा तिने चांगलाच पोळून काढला. त्या काळी लागण म्हणजे मरण असाच अर्थ होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. ज्या सहा राज्यांत ती प्रथम मिळू लागली त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही होती. सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच वेळी सोय झाली, असे आपल्या भागात क्वचितच घडते. तेव्हापासून रोज नेमाने गोळी घेणारा मनुष्य इतरांसारखे आयुष्य जगू लागला. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटावरून उद्यमबागेकडे सकाळी सायकली आणि मोटारसायकली जातात, त्यांतला एखादा दहा-पंधरा वर्षे अशी गोळी घेत असेल आणि लेथवर शेजारी उभ्या असलेल्याला त्याची गंधवार्ता नसेल. नसावीच, त्याची कोणाला गरजही नाही. औषधाने रक्तातील विषाणू दबलेला असला तर पत्नीलासुद्धा त्याच्यापासून लागण होत नाही. २०११ साली जाहीर झालेल्या, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात (पुण्यातील जोडपीही त्यात होती) औषध लवकर सुरू केल्याने जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि विषाणू पुरता दबलेला असता ती होतच नाही हे पुढील अभ्यासांनी दाखवले.

तर समजा, असा एक कामगार आपल्या मंडळीचा आहे. फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतो, घर मजगावला आहे, मुलगी शब्बाथशाळेत येते. (हा मनुष्य कल्पनेतला आहे, कोणी ओळखीत शोधू नये.) त्याच्या मानेत गाठ आली. गाठ दुखत नव्हती. संध्याकाळी ताप, रात्री घामाने अंथरूण भिजणे, वजन उतरणे हे सुरू झाले. ही लक्षणे क्षयासारखीच असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळदा आधी क्षयाचा संशय येतो, आणि गाठीचा तुकडा काढून तपासेपर्यंत मौल्यवान महिने निघून जातात. एच.आय.व्ही. असलेल्यांस लिम्फोमा इतरांपेक्षा अधिक प्रमाणात होतो, हे डॉक्टरांस १९८० नंतर लगेचच लक्षात आले होते; १९८५ पासून त्याचे काही प्रकार एड्सची खूण म्हणून गणले जाऊ लागले. कारण असे की, विषाणूशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींस वर्षानुवर्षे उसंत मिळत नाही, प्रतिकारशक्ती खचलेली असते, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निमूट पडून असलेला एप्स्टाइन-बार नावाचा आणखी एक विषाणू अशा वेळी डोके वर काढतो. नेमाने गोळी घेतल्याने हा धोका पुष्कळ घटतो, पण नाहीसा होत नाही. म्हणजे हा रोग झाला यावरून त्याने गोळ्या चुकवल्या असतील असे अनुमान काढता येत नाही.

पहिले उपचार बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा होतात. चार-पाच औषधे एकत्र दिली जातात. केस जातात, तोंड येते, पांढऱ्या पेशी उतरतात, पण गाठी विरघळतात. एच.आय.व्ही.ची गोळी चालू ठेवून हे उपचार घेणाऱ्या रोग्यांना आता इतर रोग्यांच्या जवळपास गुण येतो. आपला कामगार बरा झाला, रविवारी उभा राहून त्याने साक्ष दिली, कामावर परत गेला. आणि एका पहाटे दाढी करताना पुन्हा बोटाला गाठ लागली. हा रोग परतायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच परततो.

तो का परततो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हरळी खणून काढली, रान स्वच्छ केले, तरी मातीत करंगळीएवढी काडी राहिली की पाऊस पडताच ती फुटते. शरीरातही औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी कोठेतरी उरलेल्या असतात, कोणत्याही यंत्रात न दिसण्याइतक्या थोड्या. हरळी पुन्हा उगवली म्हणून कोणी शेताला पापी म्हणत नाही, की खणणाऱ्या गड्याने मनापासून खणले नाही असेही म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र ही दोन्ही वाक्ये आपल्या तोंडून सहज निघतात.

वैद्यकशास्त्रातही या बाबतीत एक गोष्ट घडली आहे, ती आपण नीट समजून घेण्याजोगी आहे. लिम्फोमा उलटला तर नेहमीची रीत अशी: दुसरी, अधिक तीव्र औषधे देऊन रोग मागे हटवायचा, मग रोग्याच्याच रक्तातून मूळपेशी काढून त्या गोठवून ठेवायच्या, नंतर अस्थिमज्जा करपून जाईल इतकी जबर मात्रा द्यायची, आणि शेवटी त्या साठवलेल्या मूळपेशी परत शिरेतून सोडायच्या, म्हणजे नवे रक्त तयार होऊ लागते. कित्येक वर्षे एच.आय.व्ही. असलेल्या रोग्यांना मात्र हा उपचार बहुतेक ठिकाणी देऊ करतच नव्हते. असे करणाऱ्या डॉक्टरांच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच अधू, त्याला एवढे झेपणार नाही, उगाच हाल कशाला, असा त्यांचा विचार होता. मग काहींनी तो विचार तपासून पाहिला. अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एच.आय.व्ही. असलेल्या आणि लिम्फोमा उलटलेल्या किंवा पहिल्या उपचारांना न बधलेल्या ४० रोग्यांना हा उपचार दिला गेला. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक जिवंत होते. एच.आय.व्ही. नसलेल्या तशाच रोग्यांशी तुलना केली तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. केवळ या विषाणूमुळे कोणाला हा उपचार नाकारू नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याचा अर्थ असा की, त्यापूर्वी कित्येक माणसे "झेपणार नाही" या दोन शब्दांनी गेली. ते शब्द दयेचे होते, पण कोणी खरे-खोटे करून पाहिलेले नव्हते. दुसऱ्या वेळी आपण रोग्याच्या घरी जात नाही तेव्हा आपल्याही मनात असेच काही असते. त्याला आता माणसे नको असतील, त्याला पुन्हा मुंबईची दगदग सोसणार नाही, त्याला आपली मदत घ्यायला संकोच वाटेल. आपण त्याला विचारलेले नसते. त्याच्या वतीने आपणच ठरवून टाकतो, आणि त्या ठरवण्याला समजूतदारपणा हे नाव देतो.

पण आपल्या उदाहरणात याहून खोल एक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. मूळ लागण कशी झाली, हा प्रश्न मंडळीत प्रत्येकाच्या मनात असतो. रोग उलटला की तो पुन्हा वर येतो, आणि आता त्याच्या जोडीला एक उत्तरही असते: देवाने एकदा संधी दिली होती. या वाक्यात मोठा अन्याय दडलेला आहे. लागण कशी झाली हे आपणांस बहुधा ठाऊक नसते. नवऱ्यापासून बायकोला, आईपासून बाळाला, रक्त चढवताना आजाऱ्याला, असे अनेक मार्ग आहेत. आणि समजा ठाऊक असले, तरी त्याने मानेतल्या गाठीवरचा इलाज बदलतो काय?

आपल्याजवळच घडलेली एक गोष्ट सांगतो. चोर्ल्याचा घाट उतरले की गोवा. तेथे १९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी घरून नेले. तो नेहमी रक्तदान करीत असे, आणि दिलेल्या रक्ताच्या तपासणीत त्याची लागण कळली होती. गोव्याच्या त्या वेळच्या आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशाच्या एका रिकाम्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्याची आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. डॉमिनिक १९९२ साली वारला, पण त्यापूर्वी त्याने अशा रोग्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. सुटी बाटली भरून आपले रक्त दुसऱ्याला देणाऱ्या माणसाची ही गत झाली. आज कायदा बदलला आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने अशा माणसाला वेगळे काढण्यास, नोकरीत किंवा दवाखान्यात दुजाभाव करण्यास, आणि विश्वासाने कळलेली त्याची स्थिती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्यास सांगण्यास मनाई केली. या शेवटच्या कलमाकडे मी पुढे येणार आहे.

रोगावरून निवाडा वाचण्याची ज्यांना खोड आहे, त्यांच्यापुढे आणखी एक उदाहरण ठेवतो. टिमोथी रे ब्राउन हा अमेरिकन गृहस्थ बर्लिनमध्ये राहत असे. त्याला एच.आय.व्ही.ची लागण होती, आणि २००६ साली त्याला रक्ताचा कर्करोग झाला. २००७ साली डॉक्टरांनी त्याला दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या, आणि देणगीदार असा निवडला की ज्याच्या पेशींत जन्मतःच त्या विषाणूला शिरकाव नव्हता. विषाणू गेला. एच.आय.व्ही.तून मुक्त झालेला तो जगातील पहिला मनुष्य ठरला. कर्करोग मात्र उलटला. २००८ साली पुन्हा मूळपेशी द्याव्या लागल्या. त्यानंतर तो बारा वर्षे जगला, आणि कर्करोग पुन्हा परतून २९ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी वारला. विषाणू शेवटपर्यंत आला नाही. आता ज्या आजाराला लोक पापाचे फळ म्हणत तो कायमचा गेला, आणि ज्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही त्याने जीव घेतला. यातून निवाडा कसा वाचणार? लंडनमधील अॅडम कास्तियेखो यांची हकीकत आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. त्यांना लागणीबरोबर हॉजकिन प्रकारचा लिम्फोमा होता आणि अनेक फेऱ्यांच्या औषधांनीही तो हटेना. २०१६ साली त्यांनाही दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या, आणि दोन्ही रोग गेले. (हा उपाय अत्यंत धोक्याचा आहे. तो कर्करोगासाठीच केला गेला, आणि तसा देणगीदार फार दुर्मीळ असतो. तेव्हा केवळ एच.आय.व्ही. घालवण्यासाठी कोणी त्याच्या मागे लागू नये.) पहिल्याच अपयशानंतर "याला संधी दिली होती" असे म्हणून त्यांना घरी पाठवले असते तर ही गोष्ट सांगायला उरली नसती.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा फार सावध आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले, आणि ग्रंथाच्या शेवटी बोलणी खावी लागली ती त्यांनाच. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलेला प्रश्न योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. पाप याचे की आईबापांचे, या दोन्ही पर्यायांना प्रभूने नकार दिला. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयीही तसेच. हे शास्त्रभाग आपण शब्बाथशाळेत नेहमी शिकवतो. परंतु दहा कुष्ठरोग्यांचा धडा शिकवताना एक गोष्ट बहुधा राहून जाते. एक जण आभार मानायला परत आला, नऊ जण आले नाहीत, आणि प्रभूने त्यांच्याविषयी विचारले, एवढे मुलांना पाठ असते. त्या नऊ जणांचे पुढे काय झाले, असे शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावे. त्यांचे कोड परत आले असे लूकाने कोठेही लिहिलेले नाही. कृतघ्नाचेही बरे होणे काढून घेतले गेले नाही. मग आपल्या कामगाराने उपकारस्तुतीत काही कसूर केली म्हणून त्याची गाठ परतली, असे म्हणायला आधार कोणता? कुष्ठरोग म्हणजे पाप, असे समीकरण फळ्यावर लिहिण्याची जुनी पद्धतही आता सोडलेली बरी. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीच्या घरी रोज रात्री ठरल्या वेळी गोळी घेतली जात असेल. कदाचित ती स्वतःच घेत असेल.

लाजाराची गोष्ट याहून अधिक शिकवणारी आहे असे मला वाटते. तो उठला, आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेला. त्याच्या दुसऱ्या मरणाविषयी शुभवर्तमानात अक्षर नाही. त्या दुसऱ्या मरणाने पहिले उठणे खोटे ठरले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मधल्या काळात मात्र लाजाराचे लोकांनी काय केले ते योहानाने लिहून ठेवले आहे. गर्दी त्याला पाहायला येत होती, कारण तो एक पुरावा होता. आणि त्याच कारणासाठी मुख्य याजक त्याला ठार मारण्याचा बेत करीत होते. दोघांनाही लाजाराशी तसे कर्तव्य नव्हते. त्याच्याबरोबर बेथानीत जेवायला बसलेला एक जण होता, त्याने त्याचा पुरावा केला नाही.

आपण मात्र पुष्कळदा करतो. रोगी बरा झाला की त्याची साक्ष हवी असते, आणि ती साक्ष मग मंडळीची मालमत्ता होते. पाहुणे आले की त्याला उभे केले जाते. त्यानंतर रोग उलटला म्हणजे बिचाऱ्याला वाटू लागते की, आपण मंडळीला खोटे पाडले. म्हणून तो गाठ लपवतो. शर्टाची कॉलर वर करतो, दवाखान्यात जाणे लांबवतो, घरीही सांगत नाही. या रोगात दोन महिन्यांचे लांबवणे जिवावर बेतू शकते. त्याने पहिल्या वेळी देवाचे आभार मानले ते खरेच होते. त्या वेळी गाठ खरोखर गेली होती. ती साक्ष परत घेण्याचे कारण नाही, आणि हे त्याला कोणीतरी, शक्य तर पाळकसाहेबांनी, घरी जाऊन स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

येथेच एका घातक शिकवणीचा निषेध करणे भाग आहे. गोळ्या घेतोस म्हणजे तुझा विश्वास कच्चा, असे सांगणारे काही उपदेशक गावोगाव फिरत असतात, आणि घाबरलेला मनुष्य, विशेषतः रोग उलटलेला मनुष्य, त्यांच्या हाती सहज लागतो. एच.आय.व्ही.ची गोळी बंद केली की दबलेला विषाणू काही आठवड्यांत उसळतो. केमोथेरपी चालू असताना तर असा खंड फारच वाईट. हिज्कीया राजाला पंधरा वर्षे वाढवून मिळाली ती प्रार्थनेचे उत्तर म्हणून. आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली. संदेष्ट्याला ज्यात कमीपणा वाटला नाही त्यात आपणांस वाटू नये. आपल्या या भागात कित्येक घराण्यांच्या विश्वासाची सुरुवात मिरजेच्या मिशन दवाखान्याच्या दारातून झाली आहे, हेही विसरू नये.

आता पैशाचा प्रश्न. तो खोटा नाही, आणि पंचकमिटीतील जे बंधू तो काढतात ते कठोर मनाचेच असतात असेही नाही. मंडळीचा मदतनिधी लहान असतो. त्यातून एखाद्या विधवेच्या मुलाची फी भरायची असते, कोणाचे बाळंतपण असते. रोग उलटल्यावरचे उपचार पहिल्यापेक्षा महाग, आणि गुण येण्याची आशा पहिल्यापेक्षा कमी. काही रोग्यांच्या बाबतीत तर फारच कमी. अशा वेळी निधी कोठे घालावा, हा तोलून पाहण्याचाच विषय आहे. मी एवढेच म्हणेन की, तराजूत काय घालायचे ते आधी ठरवा. खर्च किती, आशा किती, घरात कमावणारे कोण, सरकारी योजनेतून काय मिळते, हे सर्व घालावे. डॉक्टरांनी उपचारांची आशा नाही असे स्वच्छ सांगितले, तर वेदना कमी करण्यासाठी आणि घरच्यांना आधार देण्यासाठी खर्च करावा. तो वाया जात नाही. लागण कशी झाली हे मात्र तराजूत घालू नये, आणि "याची पाळी होऊन गेली" हेही घालू नये. आशा कमी आहे म्हणून हात आखडणे आणि याला एकदा दिले म्हणून हात आखडणे, या दोहोंचा परिणाम कागदावर एकच दिसेल. पण पहिल्यात रोग्याच्या स्थितीकडे पाहिलेले असते. दुसऱ्यात फक्त आपल्या वहीकडे.

शिवाय पुष्कळ मदत निधीबाहेरची असते, आणि तिच्यात मंडळीतील शिकलेल्या मंडळींना करण्याजोगे खूप आहे. उद्यमबागेतील पुष्कळ कामगारांचे ईएसआयचे कार्ड असते. त्या योजनेत दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांची एक यादी आहे, आणि त्या यादीत क्षय, कुष्ठरोग, एड्स आणि कर्करोग ही सारी नावे एकाच कागदावर आहेत. सलग दोन वर्षे नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी या अटी पुऱ्या असतील तर अशा आजारात वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कामगार आधीच दमलेला, त्यात फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. तो भरून देणारा, शिक्क्यासाठी खेटे घालणारा कोणी हवा असतो. २०२५ च्या जानेवारीत बेळगावात के.एल.ई. संस्थेचे कर्करोग रुग्णालय राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाल्यामुळे काही फेऱ्या वाचतील. तरीही मूळपेशींच्या उपचारासाठी कदाचित मुंबईच्या टाटा रुग्णालयाची किंवा बेंगळुरूची वाट धरावी लागेल. तेथे दोन-दोन महिने राहावे लागते. रक्त आणि रक्तबिंबिका देणारे लागतात. एच.आय.व्ही.च्या गोळ्या आणि केमोथेरपीची औषधे काही वेळा एकमेकांशी पटत नाहीत, म्हणून गोळ्यांचे केंद्र आणि कर्करोगाचे डॉक्टर या दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवाव्या लागतात. हे काम रोग्याच्या ध्यानात राहतेच असे नाही. आणि त्या दोन महिन्यांत मजगावला त्याच्या मुलीचा डबा, अभ्यास आणि रविवारची शब्बाथशाळा कोणी पाहायची, हेही आहेच.

राहिली प्रार्थनेची यादी. आपल्या मंडळ्यांत बातमी पसरण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे प्रार्थनेची विनंती, हे कबूल करायला हरकत नसावी. अमक्या भावाला अमुक रोग, तो मूळ तमुक कारणाने, म्हणून विशेष प्रार्थना करा: इतके सांगितले की संध्याकाळपर्यंत ते फाउंड्रीत पोहोचते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे हा अपराध ठरू शकतो. कायदा नसता तरी तो विश्वासघातच होता. म्हणून नाव घेण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि काय सांगायचे तेही त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. "गाठ परत आली आहे एवढेच सांगा" असे तो म्हणाला तर एवढेच सांगावे. "काहीच सांगू नका" असे म्हणाला तर पाळकसाहेब आणि ज्या दोघा-तिघांना त्याने स्वतः सांगितले असेल त्यांनी त्याच्या घरी बसून प्रार्थना करावी. आणि जाताना मुंबईच्या रात्रीच्या गाडीत त्याच्याबरोबर कोण बसणार, हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.